साप उलटा चाललाय की!

पर्स पूर्ण झाली तेव्हा ह्यूस्टनमध्ये रात्रीचे साडेअकरा झाले होते, म्हणजे कोल्हापुरात सकाळचे दहा. आण्णा, माझे वडील, सुभाषनगरातल्या घरी कामाला बसले असणार हे ठाऊक होतं. व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, "दाव."

मी पर्स कॅमेऱ्यासमोर धरली. अजगराचं खरं कातडं, करड्या-तपकिरी चौकड्यांची नक्षी, पितळी कडी.

"पुढनं झ्याक हाय. आता मागनं दाव."

मी पर्स फिरवली. आण्णा काही बोलेनात. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या अंगाला साप खाली उतरतोय आन् मागच्या अंगाला वर चढतोय. उलटा चाललाय की गं."

सापाचे खवले कौलांसारखे असतात, एकावर एक चढलेले, तोंड शेपटीकडे. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर रेशीम, उलटा फिरवला तर प्रत्येक खवला बोटाला अडतो. मी एकच लांब पट्टा घेतला, तळाशी दुमडला आणि पुढचा-मागचा भाग एकसंध केला, का तर तळाला शिवण नको. त्यामुळे पुढचे खवले खाली बघत होते आणि मागचे वर. मागची बाजू नेमकी कमरेला घासणारी. दोन आठवड्यांत ओढणीचे धागे त्यात अडकायला लागले, महिन्याभरात खवल्यांच्या कडा उचलल्या आणि माझी १९० डॉलरच्या कातड्याची पर्स पिसं फुललेल्या कोंबडीसारखी दिसू लागली. तीन महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या.

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या चार-पाच जणींनी मला विचारलं, घरी बसून अशा पर्स शिवायला शिकता येईल का. प्रत्येकीला मी फोनवर तेच ते सांगते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी राहूनच जातं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

आमच्या घरात चार पिढ्या पायताणं बनवतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटो आले, भाषणं झाली. आण्णा त्या दिवशीही चपलांचे अंगठे शिवत होते. पण त्यांनी मला रापीला, म्हणजे चामडं कापायच्या सुरीला, कधी हात लावू दिला नाही. "शाळा शिकायची," एवढंच. आईच्या शेजारी बसून मी चामड्याच्या वेण्या घातल्या, कारण आमच्याकडे वेणी बायकांचीच. बाकी कापणं, तासणं, आरीनं भोकं पाडणं, थापटणं, हे मी वीस वर्षं नुसतं पाहिलं. पाहण्यानं एक विचित्र खात्री येते. ज्याच्या घरात चामडं नाही तो माणूस नव्या कातड्यापुढे बिचकतो, विचारतो, पुस्तक उघडतो. मी बिचकलेच नाही. चामडं म्हणजे आपलंच की!

ह्यूस्टनला मी २०१६ मध्ये आले, नवऱ्याच्या व्हिसावर. टेक्सासमध्ये बूट हा अभिमानाचा विषय आहे. मार्चच्या सुमारास इथं रोडिओ भरतो तेव्हा बँकेतला मॅनेजरसुद्धा काउबॉय बूट घालून फिरतो. बुटांच्या दुकानात मी पहिल्यांदा शहामृगाचं कातडं हातात घेतलं. पिसं उपटलेल्या जागी उठलेले ते गोल उंचवटे, दाबले तर किंचित मऊ. शेजारी मगर, सरडा, अजगर. किमती पाहून मी फलक पुन्हा वाचला. आणि मनात आलं, आण्णांना हे मिळालं असतं तर!

तिथंच सुरुवात झाली, आणि तिथंच पहिली चूकही. मी हत्यारं घेण्याआधी कातडं घेतलं.

आता जरा बारकाईनं सांगते, कारण माझं नुकसान अज्ञानानं कमी आणि अर्धवट ज्ञानानं जास्त झालं.

पायताणाचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. जाड, ताठ, पाणी पिणारं. ते भिजवायचं, मऊ झालं की थापटायचं, वाळलं की घट्ट बसतं, वर तेल पाजायचं. भिजवणं, थापटणं, तेल. आमच्या घरातले हे तीन संस्कार. अजगराच्या कातड्यावर मी तिन्ही केले.

पर्सचं झाकण वळेना म्हणून ओलं फडकं ठेवलं. बाजारात मिळणारं सापामगरीचं बरंचसं कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि चकचकीत प्रकारात वरचा थर अकीकाच्या दगडानं दाब देऊन घोटलेला असतो. त्या चकाकीवर पाणी पडलं की ती तिथं मरते. फडक्याच्या आकाराचा निस्तेज डाग आजही त्या झाकणावर आहे. मग शिवण बसावी म्हणून हातोडीनं थापटली. अजगराचं कातडं अर्धा ते एक मिलिमीटर जाड. थापटल्यावर घट्ट व्हायला त्यात आहे काय? खवल्यांवर बारीक चिरा पडल्या. डाग लपवायला बोटभर खोबरेल तेल चोळलं. डाग लपला खरा, दुप्पट मोठ्या काळ्या डागाखाली.

कडांचंही तेच. झाडपाल्यात कमावलेल्या चामड्याची कड पाणी लावून लाकडानं घासली की आरशासारखी होते. क्रोमच्या कातड्याची कड घासली तर तंतू सुटून ती कापसासारखी पिंजते. तिथं एकतर कड पातळ तासून आत दुमडायची, नाहीतर कडेचा रंग चार-पाच पातळ थरांत द्यायचा आणि दर थरानंतर बारीक पॉलिश कागदानं घासायची. हे मला कळलं तेव्हा माझ्या चारही कडा पिंजून झाल्या होत्या.

म्हणून कातडं घरी आणलं की आधी शेपटीचा किंवा मानेचा तुकडा कापा आणि त्याच्यावर सगळे अत्याचार करून घ्या. पाणी, गोंद, उष्णता, सुई, रंग. विक्रेता काय म्हणतो, व्हिडिओत काय दाखवतात, यापेक्षा तो चार बोटांचा तुकडा खरं सांगतो. मी तो तुकडा वाचवला होता, पुढं कार्डाचं पाकीट करीन म्हणून. काटकसर.

गाईचं चामडं पटलं नाही तर त्याच्या शेजारून दुसरा तुकडा कापता येतो. इथं तसं नाही. या कातड्यांना नकाशा असतो. अजगर दोन तऱ्हांनी सोलतात. पोटावरून चिरला तर पाठीची नक्षी मधोमध येते. पाठीवरून चिरला तर पोटाचे आडवे रुंद खवले मधोमध येतात आणि नक्षी दोन्ही कडांना जाते. एकाच नावानं विकली जाणारी ही दोन वेगळी कातडी आहेत, मागवताना विचारून घ्या. शहामृगाचे उंचवटे सगळीकडे नसतात, पाठीच्या मधल्या चौकोनी पट्ट्यातच दाट असतात. बाकीचं कातडं जवळजवळ सपाट. दोन पर्सचा हिशेब करून घेतलं तर एक पर्स उंचवट्यांची होते आणि दुसरी गुळगुळीत. मगरीच्या पोटाचे चौकोन मधून कडेकडे लहान आणि गोल होत जातात, त्यामुळे मधली रेघ जराशी सरकली तरी पर्स तिरकी दिसते, शिवण कितीही सरळ असो.

यासाठी मी एक साधी गोष्ट उशिरा शिकले. पुठ्ठ्याचा साचा कातड्यावर ठेवला की खालचं कातडं झाकलं जातं आणि आपण आंधळेपणानं कापतो. त्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचा साचा करा, त्यावर मधली रेघ आखा आणि मोठा बाण काढा, डोक्याकडून शेपटीकडे. प्रत्येक भागावर बाण. बाण खाली असेल तरच सुरी उचलायची. तळ दुमडायचा मोह झाला तर बाण लगेच ओरडतो, पुढं खाली आणि मागं वर. तळाला जोड द्यावाच लागतो. आण्णांच्या डोळ्यात तो बाण आधीच आहे, माझ्या डोळ्यात नव्हता.

अस्तराविषयी थोडक्यात. अजगराचं कातडं एकट्यानं भार पेलत नाही. त्याला मागून बकरीच्या किंवा मेंढीच्या पातळ कातड्याचा आधार चिकटवायचा, गोंद अगदी पातळ आणि कडेपासून आत. जास्त झाला तर दाबल्यावर तो खवल्यांच्या खालून वर येतो आणि मग निघत नाही. पर्सचा बंद कातड्याला लावू नका, आतल्या आधाराला लावा.

दुसरं कातडं मी मगरीचं म्हणून घेतलं. स्वस्त मिळालं, याचा आनंद झाला, आणि स्वस्तात मिळालेल्या आनंदाचा मला एव्हाना संशय यायला हवा होता. कड दुमडायला गेले तर कड्‌ असा आवाज आला आणि चौकोनावर पांढरी रेघ उमटली. सुई दोनदा मोडली. ते केमन होतं. दक्षिण अमेरिकेतला मगरीचा भाऊबंद. त्याच्या पोटाच्या खवल्यांतही हाडाच्या बारीक चकत्या असतात, म्हणून कातडं ताठ, कमावल्यावर खवल्यांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे दिसतात आणि दुमडलं की तडकतं. विक्रेत्याला दोष देत नाही. पावतीवर केमन असंच लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं.

ओळख पटवायला एवढं ध्यानात ठेवा. मगरीच्या, म्हणजे क्रोकोडाइलच्या, पोटाच्या प्रत्येक खवल्यावर कडेजवळ एक सूक्ष्म ठिपका असतो. पाण्यातली हालचाल टिपणारं तिचं ते ज्ञानेंद्रिय. अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरला ते ठिपके फक्त जबड्याभोवती असतात, पोटावर नसतात, पण त्याच्या पोटावर बेंबीची खूण असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी लांबट चांदणी. केमनला खड्डे. आणि गाईच्या चामड्यावर मगरीचा छाप मारलेला असेल तर चौकोनांमधल्या दऱ्या सगळीकडे सारख्या खोल आणि नक्षी काही अंतरावर पुन्हा तीच. छापाच्या चामड्याला नाक मुरडू नका. ते पुढं कामाला येणार आहे.

आता ती गोष्ट, जी सांगायला मला अजून जड जातं.

ओळखीतल्या एका काकूंनी सुनेच्या लग्नातल्या भेटीसाठी पर्स करून मागितली. कातडं त्यांनीच आणलं होतं, लुइझियानातून घेतलेलं, काळं, ३४ सेंटिमीटरचं. अ‍ॅलिगेटरचं कातडं पोटाच्या सगळ्यात रुंद जागी मोजतात आणि भाव त्या सेंटिमीटरवर ठरतो. तोवर माझ्या नावावर दोन बिघडलेल्या आणि एक बरी, अशा तीन पर्स होत्या. बरी तेवढी त्यांनी पाहिली होती. मला नाही म्हणता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या तर रक्तातच आहे हे." झालं.

कापताना मधली रेघ दीड सेंटिमीटर सरकली. झाकण आणि पुढचा भाग जुळले नाहीत. बेंबीची चांदणी, जी झाकणाच्या मधोमध मिरवायची असते, ती शिवणीत अर्धी गेली. माझ्या मालकीचं कातडं असतं तर मी रडून दुसरं घेतलं असतं. हे दुसऱ्याचं. त्याच मापाचं, त्याच रंगाचं दुसरं शोधायला पाच आठवडे लागले, लग्न होऊन गेलं, ४८० डॉलर मी दिले. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गणेशोत्सवात भेटतात, हसतात, आणि माझी नजर त्यांच्या हातातल्या पर्सकडे जाते. कापडी असते.

दुसऱ्याचं कातडं पहिली दोन वर्षं घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर आधी त्याच मापाची पर्स छापाच्या चामड्यात पूर्ण करून दाखवायची, आणि कातडं बिघडलं तर काय, हे कापण्याआधी बोलून ठेवायचं. रक्तातबिक्तात काही नसतं. आण्णांच्या हातात आहे, कारण ते पन्नास वर्षं दररोज बसले.

पैशाचा विषय निघालाच आहे तर व्हिसाचं सांगते, कारण तो आपल्याकडच्या कितीतरी जणींचा प्रश्न आहे. एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर, असताना कामाची परवानगी नसेल तर पर्स विकणं हेही कामच. मंडळाच्या गणपतीत टेबल लावून दोन पर्स विकल्या तर कोण बघतंय, असं मलाही वाटलं होतं. शेजारच्या वहिनींनी वेळेवर थांबवलं. २०१५ पासून काही अटींवर एच-फोरवाल्यांना काम करण्याची परवानगी मिळू शकते, नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचली असली की. मला ती २०२१ मध्ये मिळाली. तोवर मी फक्त भेटी दिल्या. आज वाटतं, बरंच झालं. तेव्हाच्या पर्स विकत घेणाऱ्यांचे शाप लागले असते.

खरी अडचण मात्र कागदांची, आणि ती मला सुरी, सुई, गोंद या सगळ्यांपेक्षा उशिरा कळली.

गाईच्या चामड्याला कोणी जन्मदाखला विचारत नाही. अजगर, मगर, घोरपडी यांचा व्यापार साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. हा करार १९७५ मध्ये लागू झाला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. कातडं एका देशातून दुसऱ्या देशात जाताना परवाना लागतो, तयार वस्तूलाही. मी एकदा आग्नेय आशियातल्या विक्रेत्याकडून इंटरनेटवर अजगराचं कातडं मागवलं. इथल्या दुकानापेक्षा निम्म्या किमतीत. पुडकं आलं नाही, पत्र आलं. परवाना नाही, जाहीरनामा नाही, माल अडवला आहे. हक्क सांगायचा की सोडायचा ते कळवा. मी सोडला. दंड झाला नाही हे नशीब. त्या रात्री मी नियम वाचायला बसले, म्हणजे जे पहिल्या दिवशी करायचं ते तिसऱ्या वर्षी.

वाचता वाचता कळलं की टेक्सासमध्ये चालतं ते दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४ चं अधिवेशन सॅन होजेला होतं आणि तिथं एक छोटा स्टॉल घ्यावा असं माझ्या मनात होतं. कॅलिफोर्नियात अजगराच्या कातड्याची विक्री कायद्यानं बंद आहे. माझ्याकडे तेव्हा तयार होतं ते सगळं अजगराचं. गेले, पण नाटक बघायला.

आणि भारत. सापांच्या कातड्यांचा धंदा एके काळी आपल्याकडे जोरात होता. तमिळनाडूतले इरुळा लोक साप पकडण्यात पटाईत, त्यांची पोटं त्यावर चालत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, पुढं निर्यातीवरही बंदी आली आणि त्यांचा रोजगार गेला. मग रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचं, साप परत सोडायचा. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी ते विष जातं. त्याच समाजातले मासी सदयन आणि वडिवेल गोपाल २०१७ मध्ये फ्लोरिडात आले होते, तिथं माजलेले बर्मी अजगर शोधायला. दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. माझी ती उलट्या खवल्यांची पर्स फ्लोरिडातल्याच अजगराची होती. पाळलेल्या नि सोडून दिलेल्या अजगरांनी तिथलं रान खाऊन टाकलं आहे, त्यामुळे ते मारण्याला तिथं मनाई नाही, उलट बक्षिसं आहेत. हे मी आईला सांगितलं. आईचं माहेर शिराळ्याजवळचं, नागपंचमीचं शिराळा. ती म्हणाली, "मारलाच हाय तर कातडं वाया जाऊ देऊ नगंस. पर पंचमीला सुईला हात लावायचा न्हाई." मी लावत नाही.

२०१७ मध्ये भारतानं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कच्च्या कातड्यांची आयात बंद केली. वन्यजीव कायद्यातली नवी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइटीसमधल्या जाती थेट त्या कायद्यात आल्या. म्हणजे ह्यूस्टनमध्ये शिवलेली पर्स बॅगेत टाकून कोल्हापूरला भेट म्हणून न्यावी, इतकं ते सोपं नाही. स्वतःच्या वापराची वस्तू, भेटीची वस्तू आणि विक्रीची वस्तू यांचे नियम वेगळे, प्रत्येक देशाचे वेगळे; निघण्याआधी दोन्हीकडच्या खात्यांना लेखी विचारा, प्रवासी कंपनीच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मी आईसाठी केलेली पर्स नेली नाही. तिनं ती फक्त फोनवर पाहिली आहे. भारतात बसून हे करू पाहणाऱ्यांना तर माझा सरळ सल्ला आहे: कोणी 'इम्पोर्टेड पायथन' म्हणून कागदाशिवाय कातडं दाखवलं तर हातही लावू नका. ते भारतातलंच असलं तर तुरुंगाचं काम आहे. भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या शेजारी.

घरात काम करण्याविषयी एक सांगायचं राहिलं. मी गॅरेजमध्ये बसायचे. दार लावून, कारण बाहेर चाळीस अंश. चिकटवायला तो पिवळा गोंद, ज्याचा वास मला लहानपणापासून घरासारखा वाटतो. कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब, त्याच्या तळाशी सदा जळणारी छोटी ज्योत. गोंदातल्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि ज्योत तळाशीच असते. हे माझ्या नवऱ्यानं पाहिलं. तो तेलशुद्धीकरणातला माणूस, त्याचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवसापासून गोंदकाम अंगणात, नाहीतर पाण्यातल्या गोंदानं. काही गोंदांमध्ये एन-हेक्झेन असतं; बंद खोलीत वर्षानुवर्षं ते हुंगलं तर हातापायांच्या नसा निकामी होतात, चपला-बुटांच्या कारागिरांमध्ये हे दिसलेलं आहे. मी आण्णांना विचारलं, बोटांना मुंग्या येतात का. "येत्यात की. म्हातारपण." मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि भावाला खिडकीत पंखा बसवायला लावला. पंख्यानं कागद उडतात अशी त्यांची तक्रार आहे.

मग सुरुवात कुठून करावी? मी केलं त्याच्या नेमकं उलट. आधी गाईच्या जाड चामड्याचे रद्दी तुकडे घ्या आणि दोन सुया, एक मेणवलेला दोरा, अशी सरळ शिवण येईस्तोवर शिवा. मग बकरीचं पातळ क्रोमचं कातडं, कड तासायला नि दुमडायला. रापी असो की इथली तासणी, धार रोज लावायची. बोथट सुरी पातळ कातडं कापत नाही, ओढते. मग छापाचं चामडं, मधली रेघ जुळवायला. एकच नमुना निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा करा. माझी त्या नमुन्याची चौथी पर्स कुणाला दाखवावी अशी झाली, सातवी मला आवडली.

त्यानंतर मासा. सॅमनचं कमावलेलं कातडं वीसेक डॉलरला मिळतं. लांबट, अरुंद, खवले निघून गेल्यावर राहिलेल्या खिशांची नक्षी, दिशा अगदी सापासारखी आणि चूक झाली तर नुकसान एका जेवणाचं. सापाचा सराव माशावर करावा. मग शहामृगाच्या पायाचं कातडं, छोटं, दणकट, मधे मोठ्या खवल्यांची रांग. त्याचा घड्याळाचा पट्टा किंवा पाकीट फार देखणं होतं. अजगर त्यानंतर, आणि पहिल्यांदा कार्डाचं पाकीट, पर्स नव्हे. स्टिंग-रे माशाच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्याच्या पाठीवर काचेसारखे टणक मणी असतात, सुरीची धार दोन कापांत जाते आणि शिवणीच्या रेघेवरचे मणी आधी घासून काढावे लागतात. मी एकदा गेले. सुरी गेली, शिवाय बोटाला तीन टाके.

भोकं पाडायला काट्यासारखी हत्यारं मिळतात, एका ठोक्यात चार भोकं. चामड्याला ठीक. अजगराला त्यानं खवल्याच्या कडेनं चीर जाते. तिथं आरीच, एकेक भोक, खवल्याच्या पोटातून, कडेवरून नाही. आण्णांनी गेल्या दिवाळीत भावाच्या मित्राबरोबर त्यांची एक जुनी आरी पाठवली. मूठ शिसवाची, हाताच्या घामानं काळी झालेली. पोचवणाऱ्यानं सांगितलं, आण्णांनी ती तीन वेळा पुसली, मग वर्तमानपत्रात गुंडाळली, मग पुन्हा उघडून टोक पाहिलं.

माझ्या कपाटात आता एक अ‍ॅलिगेटरचं कातडं आहे, लुइझियानातलं, मधाच्या रंगाचं, चकाकी नसलेलं. शेपटीला प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर राज्य, वर्ष आणि क्रमांक. कातडं कापेपर्यंत ती काढायची नाही. बेंबीची चांदणी अगदी मधोमध आहे. पारदर्शक साचा तयार आहे, बाणासकट. त्याच साच्याच्या तीन पर्स छापाच्या चामड्यात झाल्या आहेत आणि तिसऱ्या पर्सचं झाकण अजून पाव सेंटिमीटर डावीकडे जातं.

दर रविवारी आण्णा विचारतात, "कापलंस का?"

"अजून न्हाई."

"बरं," म्हणतात आणि फोन आईकडे देतात.